आधी मॅपवर दिसा, मग वेबसाइटचं बघू!

पिठाच्या गिरणीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या भुवयांवर जसं पीठ बसतं, तसे आमच्या धंद्यात किस्से अंगावर बसतात. घरी जाताना कितीही झटका, थोडे राहतातच. मग जेवताना दिगंबर एक सांगतो, मी एक सांगते, आणि सासूबाई भाकरी वाढता वाढता विचारतात, "आन् तुमी दोघं काम कवा करता गं?"

दिगंबर म्हणजे माझा नवरा. कळंबच्या बसस्टँडसमोर खत-बियाण्याच्या दुकानावर आमची एक खोली आहे. खाली युरियाचा वास, वर आम्ही दोघं. मी कॉम्प्युटरवर बसते, तो मोटरसायकलवर गावोगाव फिरून दुकानांचे फोटो काढतो. आम्ही लोकांना वेबसाइट करून देतो. वेबसाइटवर कुणी येत नाही म्हणून लोक भांडायला आले, की त्यांचं दुकान मॅपवर टाकतो!

खरं काम हे दुसरं. आपल्याकडं माणूस मोबाईलमध्ये 'बोअरवेल' शोधतो तेव्हा त्याला बोअरवेलचा इतिहास वाचायचा नसतो. जवळचा कोण, आत्ता उघडा आहे का आणि फोन उचलतो का, एवढंच त्याला बघायचं असतं. मॅपवरच्या नोंदीत, म्हणजे लिस्टिंगमध्ये, नाव, पत्ता, फोन नीट असला तर माणूस त्याच वाटेनं वेबसाइटवरही येतो. नसला, तर वेबसाइट म्हणजे शेतातल्या विहिरीवर लावलेला बोर्ड. मालकाशिवाय वाचणारं कुणी नाही!

हे मी शिकले ते बंकटरावांकडून.

*

बंकटराव बोअर मारतात. आमचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. तेव्हा आम्हालाही मॅपचं एवढं कळत नव्हतं, त्यामुळं नुसती वेबसाइट करून दिली. मशीनचे फोटो, बंकटरावांचा फेटा बांधलेला फोटो, सगळं झकास.

काही दिवसांनी पेढे घेऊन आले. "ताई, लई लोक बघायलेत की! खाली त्यो आकडा हाय न्हवं, रोज वाढायलाय!"

मी कौतुकानं आतला हिशेब उघडून बघितला. सगळी ये-जा कळंबमधूनच होती, आणि तीही दोनच मोबाईलवरून!

"बंकटराव, तुम्ही स्वतः बघता का हो वेबसाइट?"

"मी कुठं? उठल्यावर एकदा. च्या पिताना. मशीनवर गेल्यावर पोरांना दाखवायला. आन् जेवून आडवं झाल्यावर, बस."

"आणि हा दुसरा फोन कुणाचा?"

बंकटरावांनी मोबाईलची कंपनी बघितली आणि आवाज खाली आणला. "आमच्या मंडळीचा. मी मोबाईलमंदी नेमकं काय बघतोय, ते ती बघती."

मग आम्ही शिकून-सवरून त्यांची लिस्टिंग केली. बोअरवेल हा प्रकार निवडला, फोन नंबर टाकला, वेबसाइट जोडली. उन्हाळा तोंडावर होता. फोन सुरू झाले आणि वेबसाइटवर वाशी, भूम, केज अशी परकी माणसं दिसायला लागली. मी खूश. बंकटराव मात्र तणतणत जिना चढून आले.

"हे काय लावून दिलंय ताई? भाकरीचा तुकडा मोडला की फोन!"

"अहो, मग धंदा वाढला की!"

"धंदा वाढला व्हय! पर मला माजी वेबसाइट बघायला येळच गावंना!"

*

लिस्टिंग करताना एक गोष्ट फार महत्त्वाची असते. तुमचा धंदा कोणत्या प्रकारात मोडतो, ते निवडायचं असतं. त्यावरूनच कुणाच्या शोधात तुम्ही दिसणार, ते ठरतं.

येरमाळ्याला हायवेजवळ डॉक्टर घोडके आहेत. गुरांचे डॉक्टर. आडनावाप्रमाणे काम मिळालेला दुसरा माणूस मी बघितला नाही. त्यांची लिस्टिंग दिगंबरनं तिथंच उभ्या उभ्या केली आणि प्रकार निवडला, 'डॉक्टर'.

"डॉक्टर तर आहेतच ना ते!" असं तो अजूनही म्हणतो.

लिस्टिंग झपाट्यानं वर आली. हायवेवरच्या गाड्यांमधली माणसं 'जवळचा डॉक्टर' शोधायची आणि घोडके साहेब पहिले दिसायचे. वेबसाइटवर तर नुसती रांग! पण मला एक कळेना. माणसं यायची आणि पान उघडल्या उघडल्या परत जायची. पहिल्याच फोटोत डॉक्टरसाहेब म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभे होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी साहेबांचाच फोन आला. "मॅडम, माझ्याकडं पोटदुखीवाले यायलेत!"

त्यातला एक गडी तर ऐकायलाच तयार नव्हता. लांबून गाडी चालवत आलेला, कंबर धरलेली. दवाखान्यासमोर दोन म्हशी बांधलेल्या दिसत असूनही आत शिरला आणि बाकावर पालथा झोपला.

"अहो, मी म्हशी बघतो," साहेब म्हणाले.

"म्हशी मागनं बघा. आधी मी आलोय!"

घोडके साहेब स्वभावानं गाय. त्यांनी त्याला स्वतःच्या जीपमध्ये घातलं, गावातल्या माणसांच्या डॉक्टरकडं नेलं आणि इंजेक्शन होईपर्यंत थांबले. आम्ही त्याच दिवशी प्रकार बदलून 'पशुवैद्य' केला. पण त्या माणसानं घरी पोचल्यावर पाच तारे देऊन लिहिलेला अभिप्राय अजून तिथं आहे.

"डॉक्टर फारच चांगले. पेशंटला स्वतःच्या गाडीतून फिरवतात. फक्त माणसांना तपासत नाहीत."

*

भूम तालुक्यातल्या ईट गावी सुमनताईंची खव्याची भट्टी आहे. ताई आणि त्यांची सून मिळून चालवतात. आम्ही लिस्टिंगला नाव दिलं, 'सुमनताई ईट भट्टी'. खवा हा शब्द खाली माहितीत होताच. गाव ईट, धंदा भट्टीचा, यात चुकण्यासारखं काय आहे?

चारच दिवसांत ताईंना एका हिंदी बोलणाऱ्या ठेकेदाराचा फोन आला. हे संभाषण मला त्यांच्या सुनेनं करून दाखवलं, आणि ती दोन्ही आवाज काढते.

"भट्टी ईंट की ही है ना?"

"व्हय, ईटचीच हाय!"

"माल पक्का है?"

"पक्का? लई पक्का! भाजून भाजून काढतो आमी."

"एक ट्रक चाहिए."

सुमनताई खालीच बसल्या. ट्रकभर खवा! त्यांनी पदरानं तोंड पुसलं, सुनेला खुणेनं पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "देताव की! थोडा टाइम द्या!"

आणि फोन ठेवून ताई निघाल्या ते घरोघरी दूध सांगत सुटल्या. "आता डेरीला घालू नका, समदं मला पायजे." वाड्यावस्त्यांवर निरोप गेले. पाहुण्यारावळ्यांची दुभती जनावरं मोजून झाली. भट्टीला सरपण कमी पडंल म्हणून दिराला कामाला लावलं. गावात बातमी फुटली, की सुमनचा खवा दिल्लीला चाललाय!

संध्याकाळी ठेकेदाराचा परत फोन. "लाल है ना? सफेद नहीं चलेगी."

ताई जरा चपापल्या. "लाल कसा आसंल? जास्ती भाजला तर तांबूस हुतोय."

"और पानी में डालके देखेंगे. घुल गयी तो वापस!"

"आवो, पाण्यात टाकल्यावर इरघळनारच की! पाण्यात कशाला टाकता? साखर टाका!"

 अखेर सुनेनं फोन हातात घेतला आणि शाळेतलं हिंदी आठवून विचारलं, "आप को खाना है या बांधना है?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नाव बदलून 'सुमनताई खवा आणि पेढे, ईट, तालुका भूम' असं केलं. विटांचे फोन बंद झाले आणि पेढ्याचे सुरू झाले. गावात दूध परत डेरीला घाला असं सांगत फिरताना ताईंना जी लाज वाटली, ती त्यांनी सगळी आमच्यावर काढली. पण तो ठेकेदार भला निघाला. त्याच्या इमारतीचा स्लॅब टाकून झाला तेव्हा सगळ्या मजुरांना वाटायला पेढे इथूनच नेले. न्यायला आलेल्या माणसाला सुमनताईंनी विचारलं म्हणे, "ईटा कुठून घेतल्या मग? पक्क्या हायेत न्हवं?"

*

लिस्टिंगवर फोटो फक्त मालकच टाकतो असं नाही. गिऱ्हाईकही टाकू शकतं. हे माणिकशेठना सांगायचं आमच्याकडून राहून गेलं.

माणिकशेठचं कापडदुकान भर बाजारपेठेत. दिगंबरनं साड्यांचे सुंदर फोटो टाकले होते. पण कुण्या गिऱ्हाइकानं दुपारच्या वेळी आणखी एक टाकला. शेठ गादीवर आडवे, तोंड उघडं, पोटावर कापड मोजायचा गज, आणि मागं पाटी, 'आपल्या सेवेस सदैव तत्पर'.

लोक तोच फोटो बघायला लागले. लोक बघतात म्हणून मॅपनं तोच वर आणला. वर आला म्हणून आणखी लोकांनी बघितला. त्या महिन्यात शेठच्या वेबसाइटवर जेवढी माणसं आली, तेवढी दिवाळीतही आली नव्हती!

"काढा तो फोटो!" शेठ कडाडले.

"शेठ, तो दुसऱ्यानं टाकलाय. आपण तक्रार करू शकतो. पण फोटो तुमच्याच दुकानाचा आहे आणि झोपलेले पण तुम्हीच आहात."

"मी झोपलो न्हवतो. विचार करत होतो!"

खेड्यावरून बायका लग्नाचा बस्ता घ्यायला यायच्या आणि दारातच एकमेकींना कोपर मारायच्या, "हेच का गं ते?" शेठ ताठ बसून राहायचे. दुपारची झोप बंद झाली आणि त्यामुळं माणूस चिडचिडा झाला.

सगळ्यात खूश होत्या त्या शेठाणी. त्या मुद्दाम जिना चढून आमच्याकडं आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं मी सांगायले, हे दुकानात नुसते झोपतात. आमच्या सासूबाईंचा विश्वासच नव्हता बघ!"

*

आमच्या जिल्ह्यातल्या दुकानांना एक वेगळीच अडचण आहे. जिल्ह्याचं नाव बदललं. पाट्या बदलल्या, पण शोधणाऱ्याची बोटं जुन्या सवयीची असतात. काही लोक उस्मानाबाद टाइप करतात, काही धाराशिव.

दत्ताभाऊंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान धाराशिव शहरात आहे. वेबसाइट चांगली, माल चांगला, तरी शोधात कुठंच दिसत नाही म्हणून ते कळंबला आले. मी बघितलं तर मॅपवर त्यांची तीन दुकानं! एक उस्मानाबादच्या नावानं, त्यांनीच पूर्वी केलेलं. एक धाराशिवच्या नावानं, मुलानं केलेलं. आणि तिसरं कुण्या गिऱ्हाइकानं 'दत्ताचं दुकान' म्हणून परस्पर टाकलेलं. तिन्हीचे फोन नंबर वेगळे आणि त्यातला एक मेव्हण्याचा!

मी समजावलं. "भाऊ, कुठलं दुकान खरं तेच मॅपला कळंना. तिघंही एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायलेत, आणि वेबसाइट एकालाही जोडलेली नाही."

दत्ताभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हंजे दुकान एक, मालक एक, आन् वाटण्या तीन? आवो, खरी भावकी बी इचारून वाटणी करती!"

आम्ही तिन्ही एकत्र केली. नाव एक, नंबर एक. वेबसाइटवर मात्र गावाची जुनी-नवी दोन्ही नावं लिहिली, म्हणजे म्हातारं शोधो की तरणं, सापडलं पाहिजे. दुकान वर आलं, गिऱ्हाईक वाढलं.

पण एकत्र करताना तिन्हीकडचे अभिप्रायही एकत्र झाले. मेव्हण्यानं फोनवर ज्यांना ज्यांना उडवून लावलं होतं, ती सगळी मंडळी दत्ताभाऊंच्या नावाखाली येऊन बसली. दत्ताभाऊंनी एकेक वाचून काढलं आणि चष्मा खिशात ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "वाटणी हुती तीच बरी हुती!"

*

अभिप्रायाचंच निघालंय म्हणून सांगते. आमच्या गिऱ्हाइकांत पिंटू नावाचा एक पोरगा आहे, शेतात सोलर पंप बसवून देतो. नवीन धंदा होता. मी म्हटलं, "ज्यांना पंप बसवलेत त्यांना अभिप्राय लिहायला सांग. खऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेलं वाचून लोक वेबसाइटवर येतात."

पिंटूनं सगळ्यांना सांगितलं. त्यात त्याची मावशीही होती, कारण तिच्या शेतातही पंप त्यानंच बसवला होता. मावशीनं मोबाईलसमोर बोलून बोलून लिहिलं, "पंप चांगला चालतो. पिंटू लहानपणापासून कष्टाळू. सुपारीचंही व्यसन नाही. अजून लग्न जमलेलं नाही. चांगलं स्थळ असल्यास कळवावे."

अभिप्राय सगळ्यात वर दिसायला लागला. वेबसाइटवर ये-जा एकदम वाढली, पण पंपांची पानं कुणी उघडंना. सगळे 'आमच्याविषयी' या पानावर जाऊन पिंटूचा फोटो मोठा करून बघायचे! मग चौकशीच्या रकान्यात मजकूर यायला लागले. एकानं लिहिलं होतं, "मुलगी बी.एस्सी. आहे, घरची बागायत आहे. पंप आमच्याकडं आहे, बाकीचं बोलू."

पिंटू लाल होऊन आला. "मॅडम, मावशीचं ते काढाच. गावात तोंड दाखवायला जागा राहिली न्हाय."

"मावशीलाच सांग, तिनं लिहिलंय."

आठवडा गेला आणि पिंटू परत आला. या वेळी केस नीट विंचरलेले. "मॅडम, घाई न्हाय. ऱ्हाऊ द्या सध्या. ते बागायतवाले रविवारी येतो म्हणलेत."

लग्नाला आम्ही दोघं जाऊन आलो. नंतर सहज बघितलं तर मावशीनं अभिप्राय दुरुस्त केला होता.

"लग्न झाले. जोडा शोभून दिसतो. आता फक्त पंपासाठी फोन करावा."

*

कळंब नावाचं गाव एकच आहे असा आमचा समज होता. तो समज आबांच्या बँडनं मोडला.

आबांचा बँड आमच्या भागात फेमस. लिस्टिंगवर नुसतं 'आबांचा बँड, कळंब' एवढंच होतं. जिल्हा लिहायचं कुणाला सुचलं नाही. एक दिवस आबांना एका वधूपित्याचा फोन आला. पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं, ठरलेल्या बँडवाल्यानं ऐनवेळी पाय मागं घेतलेला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"मी स्टँडवर उभा आहो. तुमचं दुकान कुठी आहे?"

"स्टँडच्या मागंच की! थांबा, मीच येतो भायेर."

आम्ही गॅलरीतून बघतोय, तर आबा स्टँडवर येऊन फोन कानाला लावून गोल गोल फिरायलेत.

"कुठं हाव तुमी?"

"उसाच्या रसाच्या गाड्याजवळ!"

"मी बी तिथंच हाय! दिसंनात तुमी!"

"मी पांढरा शर्ट घातला आहे ना भाऊ!"

आबांनी स्टँडवरच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या तोंडाकडं बघितलं. आमच्याकडं पांढरे शर्ट थोडे थोडके नाहीत. शेवटी ओरडले, "मी हात वर केलाय, बघा!"

"मी पण केला!"

आबा भर उन्हात एक हात वर करून उभे. एसटीची वाट बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं काहीतरी चाललंय, म्हणून त्यांनीही केले!

"असं करा," पलीकडून आवाज आला, "ती वर्ध्याची गाडी लागली ना समोर, तिच्या दारापाशी या."

आबांचा हात हळूहळू खाली आला. "वर्ध्याची? आवो, आपल्या कळंबला वर्ध्याची गाडी कवा सुरू झाली?"

तो गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला हात वर करून उभा होता!

पण आबांनी फोन ठेवला नाही. "रडू नका मालक, पोरीची वरात अशी जाऊ देणार न्हाय," म्हणाले, आणि तसेच आमचा जिना चढून वर आले. मी मॅपवर त्या कळंबजवळचे बँड शोधले, आबांनी एकेकाला स्वतः फोन लावला आणि तिसऱ्याला पटवला. वरात वाजत गेली.

लिस्टिंगवर आता 'जिल्हा धाराशिव' ठळक लिहिलंय. तरी अधूनमधून तिकडचा एखादा फोन येतोच. आबा नाव, गाव काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच, "समोर कुठली गाडी लागलीय?"

*

बेंबळीचे गणपतअप्पा शिलाई मशीन दुरुस्त करतात. धाराशिव, औसा, उजनी, सगळीकडचे टेलर त्यांच्याकडं मशीन आणतात. अप्पांना वेबसाइट नको होती. "मला हुडकायचं तर बेंबळीत येऊन इचारा," हे त्यांचं म्हणणं. पण पुण्याच्या मुलानं आमच्याकडून वेबसाइट करून घेतली, लिस्टिंगही केली, आणि वेबसाइटवर येणारं जवळजवळ सगळं गिऱ्हाईक त्या लिस्टिंगवरूनच यायचं.

एक दिवस ते एकदम थांबलं. मी लिस्टिंग उघडली, तर अप्पांच्या नावाखाली लाल अक्षरं, 'कायमचे बंद'!

अप्पांनाच काही झालं की काय? मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "नाही हो, अप्पा ठणठणीत आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून लातूरला ताईकडं होते. आज सकाळीच बेंबळीला गेलेत." कुलूप बघून कुण्या गिऱ्हाइकानं तसं कळवलं असणार. मी दुरुस्तीची विनंती पाठवली. ती लागू व्हायला वेळ लागतो. दिगंबरला म्हटलं, "जा, उघड्या दुकानाचे ताजे फोटो घेऊन ये."

त्यामुळं पुढचं सगळं दिगंबरनं डोळ्यांनी बघितलं.

झालं असं, की ती लाल अक्षरं धाराशिवच्या मारुती टेलरनंही वाचली होती. त्यानं अप्पांना फोन लावला. तो बंद, कारण डोळ्याला त्रास नको म्हणून लेकीनं काढून घेतलेला. मारुती काय समजायचं ते समजला. टेलर लोकांच्या ग्रुपवर लिस्टिंगवरचाच अप्पांचा फोटो गेला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' सकट.

दिगंबर पोचला तेव्हा अप्पा दुकानासमोर बाजेवर बसलेले. डोळ्याला ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेली, अंगानं उतरलेले. तेवढ्यात एक जीप आली. मारुती टेलर आणि चार-पाच जण उतरले. पांढरे कपडे, हातात हार. अप्पांना त्यांनी ओळखलंच नाही. थोरले भाऊ असतील असं समजून समोर सतरंजीवर बसले.

"लई वाईट झालं दादा," मारुती म्हणाला.

अप्पांनी मान हलवली.

"कशानं गेलं?"

अप्पांनी टॉवेल आणखी पुढं ओढला. मग बारीक आवाजात म्हणाले, "डोळ्याचं निमित्त झालं."

दिगंबर सांगायला पुढं झाला, तर अप्पांनी बाजेखालून त्याच्या पायावर पाय दिला.

मग एकेक जण बोलायला लागला. असा कारागीर पुन्हा होणं नाही. एकाच्या बहिणीचा संसार अप्पांनी जुनी मशीन उभी करून दिली म्हणून सावरला होता. दुसऱ्याला अप्पांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. बोलता बोलता त्यानं डोळ्याला रुमाल लावला. अप्पा चष्म्याआडून ऐकत होते. मधूनच टॉवेलच्या टोकानं गाल पुसत होते.

"तोंडानं जरा फाटका माणूस," मारुती म्हणाला, "पर मनानं साफ."

"फाटका म्हंजे?" अप्पांनी विचारलं.

"म्हंजे शिव्या लई द्यायचे. पर गोड लागायच्या."

"आन् उद्या ये म्हणायचे," मागून एक बुटका टेलर बोलला, "त्यो उद्या काय कवा उजाडायचा न्हाय. दादा, आता बोलू ने, पर माजी मशीन आतच आडकलीय. तेवढी आज..."

"तुजी ती हिरवी न्हवं?" अप्पांचा आवाज चढला. "तिचा पट्टा मिळंना म्हणून सांगितलंय न्हवं तुला? डोस्कं खाऊ नको, उद्या ये!"

 बुटका टेलर तोंड उघडं टाकून बघत राहिला. मारुतीच्या हातातला हार खाली आला.

"आता आणलाय तर घाल की," अप्पा त्याला म्हणाले. "का परत नेतूस?"

मारुतीनं हार घातला आणि तिथंच अप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मग सगळ्यांचा चहा झाला. बुटका टेलर चहा घेऊनही मशीनशिवायच गेला.

इकडं माझी विनंती मान्य झाल्याचा निरोप आला. मी लगेच दिगंबरला फोन लावला. त्यानं तो अप्पांच्या हातात दिला.

"अप्पा, काळजी करू नका. ते लाल अक्षर आता निघंल, उद्यापासून दुकान उघडं दिसंल."

 अप्पा हळूच म्हणाले, "येवढी घाई कशाला करतीस पोरी? औशाची मंडळी अजून यायची हायेत!"